प्रेक्षकाकडे पाठ

टँगो म्हटलं की डोळ्यांपुढे येणारं चित्र ठरलेलं आहे. काळोखा रंगमंच, एक लाल झोत, मांडीपर्यंत चिरलेला झगा, पुरुषाच्या दोन पायांमधून लवलवत जाऊन परत आलेली बाईची पोटरी, आणि शेवटच्या ठोक्याला त्याच्या हातावर मागे झुकून गोठलेली ती. या चित्रात खोटं काही नाही. पण ब्यूनोस आयर्सच्या नाचघरांत रात्री अकरानंतर जो टँगो नाचला जातो, त्यात यातलं जवळजवळ काहीच नसतं. तिथे साठी ओलांडलेले गृहस्थ असतात, दिवसभर दुकानात उभ्या राहिलेल्या बायका असतात, विशीतली पोरं असतात. छातीला छाती, कपाळाला गाल टेकलेला, डोळे मिटलेले किंवा अर्धवट उघडे. पाय जमिनीवरून उचलले जातात की नाही, हेही लांबून नीट कळत नाही.

या दोन टँगोंबद्दल दोन मतं सगळीकडे ऐकू येतात. पहिलं असं की नाचघरातला टँगो हा सोपा, प्राथमिक, हौशी लोकांचा. त्यात तयारी झाली की माणूस रंगमंचाच्या अवघड टँगोकडे जातो. दुसरं बरोबर उलटं: नाचघरातला तेवढा खरा, आणि रंगमंचावरचा पर्यटकांसाठी केलेला तमाशा. पहिलं मत नाच लांबून पाहणाऱ्यांचं, दुसरं बहुतेक वेळा नव्याने नाचायला लागलेल्यांचं. मला दोन्ही उथळ वाटतात, आणि त्यांच्या उथळपणाचं मूळ एकच आहे. दोघंही पायांकडे बघतात. एकाला पाय कमी हललेले दिसतात म्हणून तो नाच कमी प्रतीचा. दुसऱ्याला जास्त हललेले दिसतात म्हणून तो खोटा.

माझं म्हणणं असं आहे की हा फरक नाच कुणाला उद्देशून केला जातो, याचा आहे. नाचघरातला टँगो जोडीदाराला उद्देशून असतो. रंगमंचावरचा टँगो त्या दोघांबाहेरच्या तिसऱ्या माणसाला उद्देशून असतो. एवढं धरून चाललं की मिठी किती घट्ट, पाऊल किती लांब, संगीत कुठलं, चूक कशाला म्हणायचं, नवख्याला आधी काय शिकवायचं, हे सगळे फरक त्याच एका गोष्टीतून निघतात. आणि मग दोन टँगो एकाच शिडीच्या दोन पायऱ्या उरत नाहीत. एकाच भाषेत घडलेल्या त्या दोन स्वतंत्र कला आहेत. जात्यावरची ओवी आणि गाण्याच्या कार्यक्रमात म्हटलेली ओवी यांत शब्द तेच असतात, चालही तीच असू शकते. पण पहिलीत ऐकणारं कुणी नसलं तरी चालतं. तसंच हे.

१. पावलांवरून फरक का सांगता येत नाही

आधी पावलांचाच हिशेब संपवू. ओचो, म्हणजे बाईच्या पायांनी जमिनीवर काढलेला आठाचा आकडा. हिरो, म्हणजे पुरुषाभोवती घेतलेला फेरा. साकादा, म्हणजे जोडीदाराचा पाय जिथून नुकता निघाला ती जागा आपल्या पायाने घेणं. ही पावलं दोन्हीकडे आहेत. गांचो, म्हणजे जोडीदाराच्या पायात अडकवलेला आकडा, आणि उंच उडवलेला बोलेओ ही आज रंगमंचाची पावलं समजली जातात; पण लहान, जमिनीलगतचा बोलेओ नाचघरातही सर्रास दिसतो.

इतिहास पाहिला तर सरमिसळ आणखी वाढते. टँगो घडला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लाता नदीच्या मुखावरच्या ब्यूनोस आयर्स आणि मोन्तेव्हिदेओ या दोन बंदरांत. आफ्रिकी वंशाच्या लोकांचं कान्दोम्बे, क्यूबाहून आलेली हाबानेरा, गावाकडची मिलोंगा आणि इटली-स्पेनहून बोटीने उतरलेली माणसं यांच्या गर्दीत तो वाढला. १९१४ च्या शिरगणतीत ब्यूनोस आयर्सची जवळपास निम्मी वस्ती परदेशात जन्मलेली होती. एकमेकांची भाषा धड न कळणाऱ्या माणसांच्या शहरात हा नाच रुजला, ही गोष्ट पुढच्या युक्तिवादासाठी ध्यानात ठेवायला हवी. त्याच वेळी तो रंगमंचावरही होताच. एल काचाफास या नावाने ओळखला जाणारा त्या काळचा सर्वांत नामांकित नर्तक १९३३ च्या ‘टँगो!’ या चित्रपटात कार्मेन्सिता काल्देरोनबरोबर कॅमेऱ्यापुढे नाचला. आजच्या रंगमंचीय टँगोचे प्रवर्तक हुआन कार्लोस कोपेस आणि मारिया निएवेस हे दोघंही वस्तीतल्या क्लबांतच नाचायला शिकले.

तेव्हा शुद्ध लोकांचा टँगो आधी आणि रंगमंचाने तो नंतर बिघडवला, ही गोष्ट सोयीची असली तरी खरी नाही. पावलं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे सतत येत-जात राहिली. सीमारेषा दुसरीकडे आहे.

२. फेराच्या अटी

ज्या जागेत आणि ज्या कार्यक्रमात हा नाच होतो, त्याला मिलोंगा म्हणतात. (वेगवान चालीच्या एका नाचालाही तेच नाव आहे.) मिलोंग्यात शिरणाऱ्याला तीन अटी पाळाव्या लागतात. त्या कुणी छापून लावलेल्या नसतात, पण त्या मोडणाऱ्याला पुन्हा जोडीदार मिळणं मुश्कील होतं.

पहिली अट गर्दीची. सगळी जोडपी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एका फेरात फिरतात. त्याला रोंदा म्हणतात. पुढच्याला ओलांडून जायचं नाही, मागच्याला अडवून ठेवायचं नाही. डाव्या हाताला फेराचा मध्य, उजव्या हाताला टेबलं आणि खुर्च्या, पुढे-मागे दुसरी जोडपी. म्हणजे आपली जागा सतत बदलत असते आणि ती कधीच आपल्या हातात नसते.

दुसरी अट अनोळखी जोडीदाराची. आमंत्रण डोळ्यांनी दिलं जातं. लांबून नजर मिळते, पुरुष मान किंचित हलवतो, बाई होकार देते किंवा नजर वळवते. याला काबेसेओ म्हणतात. मग तांदा, म्हणजे एकाच वाद्यवृंदाची तीन किंवा चार गाणी, दोघं सलग नाचतात. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीनेक मिनिटंच मावत, म्हणून गाणंही तेवढंच; सगळा तांदा दहा-बारा मिनिटांचा. तो संपला की कोर्तिना नावाचा भलत्याच संगीताचा तुकडा वाजतो, जागा रिकामी होते, पुढच्या तांद्याला जोडीदार वेगळा. त्याची उंची वेगळी, चाल वेगळी, गाणं ऐकण्याची रीत वेगळी.

तिसरी अट सगळ्यांत कठीण: पुढचं पाऊल कुणालाच माहीत नसतं. नेणाऱ्यालासुद्धा नाही. फेर काय देईल त्यावर ते ठरतं.

या तीन अटी एकत्र आल्या की काय होतं, ते एका कोपऱ्यात उभं राहून पाहू. वाद्यवृंदप्रमुख कार्लोस दि सार्ली यांचं ‘बाहिया ब्लांका’ वाजतं आहे. व्हायोलिनची लांब ओढलेली ओळ संपत आली आहे. पुरुषाने डावं पाऊल पुढे टाकायला वजन उजव्या पायावर घेतलं, आणि पुढचं जोडपं थांबलं. मागे सरकायला वाव नाही, उजवीकडे टेबलाचा कोपरा. त्याने पाऊल टाकलंच नाही. छाती अर्धा इंच वळवली. त्या अर्ध्या इंचाने बाईचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर आलं आणि तिचा उजवा पाय मोकळा झाला. आता ओळ संपलेली, दि सार्लींच्या पियानोचे दोन-तीन घंटेसारखे स्वर मधल्या पोकळीत पडताहेत. त्या स्वरांवर तिने मोकळ्या पायाच्या बोटांनी फरशीवर एक लहान कमान काढली, सावकाश, घाई न करता. तो थांबला. ती काढून झाल्याचं त्याला तिच्या पाठीवरच्या तळहातातून कळलं. तेवढ्यात पुढची जागा मोकळी झाली, आणि नव्या ओळीच्या पहिल्या ठोक्यावर दोघं चालू लागली.

सगळं मिळून चार सेकंद. टेबलापाशी बसलेल्याला दिसलं ते इतकंच, की एक जोडपं थांबलं आणि मग चालायला लागलं. आत मात्र एक अडचण आली, तिच्यातून एक प्रश्न निघाला, त्याला उत्तर मिळालं, ते उत्तर गाण्याच्या नेमक्या जागी बसलं. हा सगळा ऐवज त्या दोघांपुरता होता, आणि त्यांच्यापुरताच तो पूर्ण होता. टँगो जोडीदाराला उद्देशून असतो असं मी म्हणतो ते याच अर्थाने.

घट्ट मिठीचं कारणही इथेच सापडतं. ती प्रणयाची खूण म्हणून जन्मलेली नाही. जिथे पुढचं पाऊल ठरलेलं नाही आणि हात-पाय पसरायला जागा नाही, तिथे निरोप पोचवायची सर्वांत जवळची वाट छातीची. भाषा न कळणाऱ्या माणसांच्या त्या जुन्या बंदरातही हीच वाट उपयोगी पडली असणार, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

३. रंगमंच काय काढून घेतो आणि काय मागतो

रंगमंच या तिन्ही अटी उचलून बाजूला ठेवतो. फेर नाही, सगळी जागा एका जोडप्याची. जोडीदार वर्षानुवर्षांचा. पावलं महिनोन्‌महिने घोटलेली. पण म्हणून रंगमंच सवलतीची जागा ठरत नाही. त्या तिन्हींच्या बदल्यात तो एकच अट घालतो, आणि ती निर्दय आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे.

या अटीतून सगळं बदलतं. अर्ध्या इंचाने वळलेली छाती तीस मीटरवरून दिसत नाही, म्हणून मिठी उघडावी लागते, दोघांमध्ये हवा यावी लागते. फरशीवर काढलेली कमान दिसत नाही, म्हणून पाय उंच जावा लागतो. आतला ताण चेहऱ्यावर आणि पाठीच्या कण्यात आणावा लागतो. गाण्याला सुरुवात, चढ, शेवट हवा, म्हणून टँगोचे संगीतकार पियाझोला यांचं संगीत जवळचं वाटतं. ते नाचघरात क्वचितच वाजतं, कारण त्यातले अचानक तुटणारे, लांबणारे भाग फेर बिघडवतात. कोपेस यांच्यावर हॉलिवूडचा नर्तक जीन केली याच्या चित्रपटांचा प्रभाव होता. वस्तीतल्या क्लबचा टँगो अख्ख्या नाट्यगृहाला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात कसा लिहायचा, हा त्यांनी सोडवलेला प्रश्न. १९५९ मध्ये ते आणि निएवेस पियाझोलांबरोबर परदेशात नाचले. तेव्हापासून त्यांनी जे घडवलं ती पूर्ण वाढीची कला आहे. तिला तमाशा म्हणून हिणवणाऱ्यांनी एकच उंच बोलेओ, एकाच ठोक्यावर, एकाच उंचीवर, आठवड्यातून सात प्रयोगांना करून पाहावा.

कोपेस आणि निएवेस यांच्या आयुष्यातली एक गोष्ट सर्वांना माहीत आहे, आणि माझ्या म्हणण्याला ती जितकी बळकटी देते तितकी दुसरी कुठली देत नाही. त्यांचं प्रेम झालं, लग्न झालं, ते मोडलं, कडूपणा आला; आणि तरीही त्यांनी पुढे अनेक वर्षं, १९९७ पर्यंत, एकत्र नृत्य केलं. प्रेक्षकांना त्यांच्यात आग दिसायची. ती आग खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण रंगमंचाचा टँगो दोघांतल्या सद्भावाशिवाय उभा राहू शकतो, हे त्यातून सिद्ध होतं. तो बांधलेला असतो, आणि त्याला धरून ठेवणारा तिसरा माणूस समोर बसलेला असतो. नाचघरात हे चार मिनिटंही चालत नाही. तिथे तांद्याच्या मध्येच बाईने ‘ग्रासियास’ म्हटलं की त्याचा अर्थ एकच: नाच इथे संपला, मला जागेवर सोडा. धन्यवाद या साध्या शब्दाला मिलोंग्यात एवढं वजन आहे, कारण दोघांच्या संमतीशिवाय त्या नाचाला दुसरा आधारच नाही.

४. ‘अवघड’ म्हणजे काय

आता पहिल्या मताकडे वळू: नाचघरातला सोपा, रंगमंचावरचा अवघड.

शरीराच्या कसरतीने मोजलं तर हे खरं आहे. पण कुठल्याही कलेत अवघडपणा दोन ठिकाणी असू शकतो, कृतीत किंवा निवडीत. घोटलेल्या रचनेत निवड आधीच झालेली असते. तिथे अवघड उरते ती कृती. फेरात कृती साधी असते, चालणं, थांबणं, वळणं. पण दर ठोक्याला निवड नव्याने करावी लागते, तीही चार गोष्टी एकदम सांभाळून. जागा, गाणं, जोडीदार, आणि जोडीदाराने त्या गाण्यात आत्ता काय ऐकलं ते.

गाण्याचं उदाहरण घेऊ, कारण नवख्यांना सगळ्यांत उशिरा कळते ती हीच बाजू. १९३५ ते १९५५ हा टँगोचा सुवर्णकाळ मानतात आणि मिलोंग्यात आजही मुख्यतः त्याच काळातली ध्वनिमुद्रणं वाजतात. त्यात हुआन दारिएन्सो यांना तालाचा राजा म्हणत. त्यांचा ठोका इतका टोकदार की माणूस खुर्चीतून उठतोच; तिथे पावलं आखूड, नेमकी पडतात. दि सार्लींकडे तोच ठोका रेशमात गुंडाळलेला. तिथे चाल लांब, पाऊल जमिनीवर ठेवायला वेळ जास्त. ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्या १९४६ च्या ‘ला युम्बा’मध्ये वाद्यवृंद जणू छातीने श्वास ओढतो आणि सोडतो, तिथे दोन ठोक्यांमधल्या पोकळीत नाचावं लागतं. त्रोइलो यांच्या वाद्यवृंदात गायक आणि बांदोनेओन हे भात्याचं वाद्य एकमेकांना उत्तर देतात, म्हणून कुणाच्या मागे जायचं ते दर ओळीला ठरवायचं. चारही ठिकाणी पावलं तीच, चालण्याची. चालणं मात्र चार वेगळ्या माणसांचं वाटावं, ही परीक्षा.

मिलोंग्यात चाळीस-चाळीस वर्षं नाचलेले नर्तक, म्हणजे मिलोंगेरो, चालणंच शेवटपर्यंत सुधारत राहिले ते याच कारणाने. त्यांना जास्त पावलं येत नव्हती असं नाही. पेत्रोलेओ हे टोपणनाव असलेल्या नर्तकाने आणि त्याच्या सोबत्यांनी १९४० च्या दशकात हिरोची अख्खी रचना विकसित केली. आंतोनिओ तोदारो यांनी घडवलेल्या पावलांवर पुढे रंगमंचावरची एक पिढी उभी राहिली. ज्ञान होतं, फेरात त्यातलं किती वापरायचं, याचा विवेक हीच कला होती.

५. तीन आक्षेप

यावर गंभीर आक्षेप आहेत. त्यांना वळसा घालून जाणं बरोबर नाही.

पहिला आक्षेप इतिहासाचा: रंगमंच नसता तर आज मिलोंगा उरलाच नसता. हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. १९५५ नंतरची राजकीय उलथापालथ, मोठ्या वाद्यवृंदांचा न परवडणारा खर्च, रॉक अँड रोल, आणि मग १९७६ ते १९८३ ची लष्करी राजवट, यांत नाचघरं ओस पडली. तरुण पिढीला टँगो म्हणजे आजोबांचं संगीत वाटू लागलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये क्लाउदिओ सेगोव्हिया आणि हेक्तोर ओरेझोली यांनी पॅरिसमध्ये ‘टँगो आर्खेन्तिनो’ हा प्रयोग उभा केला. ऑक्टोबर १९८५ मध्ये तो ब्रॉडवेवर गेला आणि जगभर टँगो शिकायची लाट आली. त्या लाटेचं पाणी परत ब्यूनोस आयर्सच्या नाचघरांत शिरलं.

पण त्या प्रयोगात कोण होतं ते पाहा. कोपेस आणि निएवेस होतेच. त्यांच्याबरोबर व्हिरुलासो आणि एल्व्हिरा होते. पन्नाशी उलटलेला, अवाढव्य देहाचा व्हिरुलासो रंगमंचावर यायचा आणि मांजरीच्या पावलांनी चालायचा. पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाने टाळ्या दिल्या त्या प्रौढ, जाडजूड, साध्या माणसांना. नाचघरात मुरलेल्या शरीरांना. रंगमंचाने वाचवलं ते खरं, पण त्याच्यापाशी दाखवायला जे होतं ते फेरातून आलेलं होतं. ऋण दोन्ही बाजूंनी आहे. आणि ऋण मान्य केल्याने दोन गोष्टी एक होत नाहीत.

दुसरा आक्षेप: नाचघरातही लोक दाखवण्यासाठी नाचतात. नव्या बुटांची टोकं, टेबलाजवळून जाताना मुद्दाम घेतलेलं वळण, बसलेल्या बाईने पुढच्या तांद्याला आपल्याकडे बघावं म्हणून केलेली तयारी. हो, हे असतं. माणूस आहे, गर्दी आहे, नजरा आहेत. काबेसेओची सगळी व्यवस्थाच एकमेकांना पाहण्यावर उभी आहे. पण उद्देश म्हणजे मनात येणारा प्रत्येक विचार नव्हे. दोन उद्दिष्टं भिडतात तेव्हा कुठलं मागे हटतं, यावरून नाचाचा पत्ता कळतो. टेबलाजवळचं सुंदर वळण घेताना मागच्या जोडप्याला धक्का लागणार असेल, तर फेरातला नर्तक वळण सोडून देतो. जो सोडत नाही त्याच्याबद्दल टेबलांवर जे बोललं जातं, तेच त्या कलेचं समीक्षाशास्त्र.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. या नियमांत पुरुषी वर्चस्व मुरलेलं आहे, तेव्हा त्यांचं एवढं कौतुक कशाला? पुरुष नेतो, बाई मागे चालते. पुरुष मान हलवतो, बाई वाट पाहते. कित्येक बायका रात्रभर खुर्चीवर बसून घरी जातात, हे खोटं नाही, आणि वय वाढलेल्या बायकांच्या वाट्याला ते जास्त येतं. याचं समर्थन मी करणार नाही. दोन गोष्टी मात्र जोडीन. एक, भूमिका शरीराला चिकटलेल्या नाहीत: सुवर्णकाळात पोरं सरावाच्या खोलीत पोरांबरोबरच शिकत, आणि आधी बाईची भूमिका शिकून मगच नेण्याची, असं त्या पिढीचे नर्तक सांगत आले. आज त्याच शहरात असे मिलोंगे आहेत जिथे कुणीही कुणालाही नेतं. दुसरं, बाईचं ऐकणं आणि बाईचं बोलणं फेरात शिल्लक असतं, वर सांगितलेल्या त्या कमानीसारखं. नेणाऱ्याला थांबावं लागतं. उलट घोटलेल्या रचनेत बाईचं बोलणं रचनाकाराने आधीच लिहून ठेवलेलं असतं. अन्याय दोन्हीकडे आहे. तो दूर करायची जागा फेरात जास्त आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

६. शिकवणीतली गफलत

इथवरचा वाद तत्त्वाचा वाटेल, पण त्याचे परिणाम रोजच्या वर्गात भोगावे लागतात. जगभर नवख्याला पहिल्या दिवशी आठ पावलांचा मूलपाठ शिकवण्याची पद्धत पडली. एक, पुरुष उजवा पाय मागे टाकतो. दोन, डावीकडे. तीन आणि चार, पुढे. पाचाला बाईचे पाय एकमेकांवर येतात. सहा पुढे, सात बाजूला, आठ जवळ. पाठ करायला सोपा, मोठ्या वर्गाला एकदम शिकवता येणारा.

आता पहिलं पाऊल पुन्हा पाहा. मागे. रिकाम्या रंगमंचावर ते सुंदर दिसतं, प्रवेशाला दम घेतल्यासारखं. फेरात मागे कोण आहे? मागचं जोडपं. नाचणाऱ्याला जे दिसत नाही त्या दिशेने, दुसऱ्याच्या अंगावर, टाकलेलं पाऊल हे त्याच्या शिक्षणाचं पहिलं अक्षर. आणि सातव्या-आठव्या पावलानंतर तो पुन्हा तिथेच येतो, म्हणजे दर काही सेकंदांनी पुन्हा मागे. वर्षभर शिकलेला विद्यार्थी मग मिलोंग्यात जातो, दोन जणांच्या पायांवर पाय देतो, आणि आपल्याला टँगो जमत नाही असं समजून घरी परततो. त्याला टँगो जमत नाही हे चूक. त्याला भलत्याच पत्त्याचा टँगो शिकवला गेला.

यावर शिक्षक म्हणतात, काहीतरी ठरलेलं द्यावंच लागतं, नवखा माणूस निव्वळ मिठीने आणि चालण्याने कंटाळतो. कंटाळत असेल. पण शिकवायचा क्रम कलेच्या गाभ्यावरून ठरावा, विद्यार्थ्याच्या उत्सुकतेवरून नव्हे. आधी चालणं, वजन एका पायावर पूर्ण ठेवणं, गाण्याची ओळ कुठे संपते ते ओळखणं, पुढच्या जोडप्याशी अंतर राखणं, पावलं नंतर. ज्याला रंगमंचाकडे जायचं आहे त्याला वेगळी तालीम द्या, बॅलेसारखी कठोर द्या, आणि ती वेगळी आहे हे पहिल्या दिवशी सांगा. एका दाराची पाटी लावून दुसऱ्या खोलीत नेऊ नका.

७. परीक्षकाने बघायचं तरी काय

हाच पेच सगळ्यांत मोठ्या व्यासपीठावरही दिसतो. ब्यूनोस आयर्समध्ये २००३ पासून टँगोची जागतिक स्पर्धा भरते. तिचे दोन विभाग: पिस्ता, म्हणजे नाचघराच्या फरशीवरचा (आधी याला सालोन म्हणत), आणि एसेनारिओ, म्हणजे रंगमंचावरचा. दोन विभाग वेगळे ठेवले हे शहाणपणाचंच आहे. ज्या फरकाबद्दल मी बोलतो आहे तो संयोजकांनीही ओळखला. पिस्ताचे नियमही विचारपूर्वक केलेले आहेत. गाणी संयोजकांची, जोडप्याला आधी माहीत नाहीत; मिठी मोडायची नाही; उड्या आणि गांचो नाहीत; अनेक जोडपी एकाच वेळी फेरात.

तरीही काहीतरी निसटतं. जोडपं नोंदवलेलं, वर्षानुवर्षं एकत्र सराव केलेलं. म्हणजे अनोळखी जोडीदाराची अट गेली. फेर आहे, पण त्यातला प्रत्येक जण परीक्षकांच्या टेबलासमोरून जाताना आपलं सर्वोत्तम द्यायला आलेला आहे. परीक्षक बाहेर बसलेला, आणि जे आत घडतं ते त्याला बाहेरून मोजायचं आहे. छातीच्या अर्ध्या इंचाला गुण कसे देणार? म्हणून हळूहळू गुण मिळतात ते जे दिसतं त्याला: पायांची शुद्धता, लांब सुबक चाल, ताठ पाठ, एकसारखी वेशभूषा. आणि मग जगभरचे विद्यार्थी तसंच नाचू लागतात, नाचघरातसुद्धा. नियम कितीही काटेकोर केले तरी टेबल तिथे आहे तोवर ही ओढ राहणार, कारण टेबल म्हणजेच तिसरा माणूस. स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. त्यातून कित्येक तरुणांना पोट भरण्याचा मार्ग मिळाला. पण तिथे जिंकणारा हा नाचघरातला सर्वोत्तम नर्तक, असं जे गृहीत धरलं जातं, ते सोडून दिलं पाहिजे. तो सर्वोत्तम असेलही. ते ठरवण्याचा अधिकार मात्र ज्यांनी त्याच्याबरोबर तांदा केला त्यांचा आहे.

युनेस्कोने २००९ मध्ये अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोघांच्या वतीने टँगोची मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. अशा नोंदीने जतन कशाचं होतं, हाही प्रश्न याच पोटातला आहे. रंगमंचाचा टँगो चित्रफितीत जतन होतो. फेरातला होत नाही. त्याची चित्रफीत म्हणजे टेबलावरून दिसलेला भाग: थांबले आणि चालले. तो जपायचा तर फरशी जपावी लागते, रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी जागा, परवडणारं प्रवेशमूल्य, जुनी गाणी नीट ओळखून लावणारा माणूस, आणि सत्तरीतल्या बाईने विशीतल्या पोराला नजरेने होकार देण्याची सवय.

व्हिया उर्किसा भागातल्या सुंदरलांद क्लबात मिलोंगा भरतो तो बास्केटबॉलच्या मैदानात. वर लोखंडी छप्पर, खाली साधी फरशी, कडेने टेबलं. अशा क्लबांत मध्यरात्रीनंतर कधीतरी नाच थांबवतात आणि एखादं नावाजलेलं जोडपं मधोमध येतं. चार गाणी. लोक खुर्च्या वळवून बसतात, मागचे उभे राहतात, फोन वर जातात. मिठी थोडी उघडते, पाऊल लांबतं, पाय उंच जातात, शेवटच्या ठोक्याला टाळ्या पडतात. दोघं वाकून नमस्कार करतात. मग कोर्तिना वाजतो, पुढचा तांदा लागतो, बहुधा दि सार्लींचाच. माणसं पुन्हा फरशीवर उतरतात. ते जोडपंही पांगतं. तो पलीकडच्या टेबलावरच्या एका वयस्कर बाईंकडे बघून मान हलवतो, ती दुसऱ्या कुणाबरोबर फेरात शिरते. मिठ्या मिटतात. एक-दोन फेऱ्यांनंतर त्या दोघांना गर्दीतून वेगळं ओळखून काढता येत नाही.